स्कॅनमध्ये नाव दिसत नाही

ताईच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ट्यूमर हा शब्द नव्हताच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोपर्यंत तो रिपोर्ट आम्ही सगळ्यांनी वाचला होता. भावजींनी वाचला, मी वाचला, ताईनी स्वतः मोबाइलवर फोटो मोठा करून करून वाचला, आणि प्रत्येकाला तो शब्द तिथे दिसला होता. खरं तर लिहिलं होतं 'मास लिजन', म्हणजे नुसतं काहीतरी भरीव वाढलेलं. स्फिनॉइड सायनसमध्ये असलेलं, डाव्या बाजूला कॅव्हर्नस सायनसपर्यंत पसरलेलं, मेंदूच्या आवरणाला चिकटलेलं मास लिजन, निओप्लाझमची, म्हणजे पेशींच्या नव्या वाढीची, शक्यता जास्त. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ होती की बुरशीचा जुना संसर्गही असू शकतो, सीटी आणि बायोप्सीशी ताडून बघावं. ती ओळ आमच्यापैकी एकाच्याही आत गेली नाही. डोळ्यांखालून गेली असणार, पण भीती वाढवणारं जेवढं होतं तेवढंच आम्ही उचललं.

मग आईला सांगताना घरात शब्द आला तो 'गाठ'. ताईच्या डोक्यात गाठ निघाली. मराठीत गाठ दोऱ्याला पडते, मनात बसते, दोन माणसांची कुठेतरी गाठ पडते, किती साधा शब्द आहे हा, पण तपासणीच्या खोलीतून बाहेर येताना त्याचा एकच अर्थ उरतो. आईनी ऐकलं, काहीच बोलली नाही, नुसता ताईचा हात धरून बसली. त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही त्या एका शब्दाबरोबर राहिलो आणि तो चुकीचा होता.

सुरुवात डोकेदुखीनी झाली होती. डाव्या डोळ्याच्या मागे, खूप खोल, असं ताई सांगायची, आणि कधी कधी डोक्याच्या अगदी वर टाळूपाशी. सात-आठ महिने हे चालू होतं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, मायग्रेनच्या गोळ्या झाल्या, मानेचा एक्सरे झाला. सायनसचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही कारण नाक पूर्ण मोकळं होतं, सर्दी नाही, वास व्यवस्थित येत होता. आणि मग एका सकाळी जिना उतरताना तिनी डावीकडे बघितलं तर कठडे दोन दिसले. एक डोळा झाकला की एक, दोन्ही उघडे ठेवले की दोन, शेजारी शेजारी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नाहीये, म्हणजे त्याला फिरवणारी सहावी नस कुठेतरी दबलीय किंवा सुजलीय.

इथे जे झालं ते मी मुद्दाम सांगतेय, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, तर हे असंच होतं म्हणून. नसेला सूज असेल असं धरून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. चौथ्या दिवशी दुखणं जवळजवळ गेलं, दोन दिसायचं कमी झालं, आम्ही सगळे खूष. दहा-बारा दिवसांनी गोळ्या कमी करायला लागलो आणि दुखणं आधीपेक्षा जोरात परत आलं, वर कपाळाची डावी बाजू बधिर व्हायला लागली आणि शुगर, जी तिची मुळातच चार-पाच वर्षं धड आटोक्यात नव्हती, ती खूपच वाढली. स्टिरॉइड सूज उतरवतं, ती कशामुळेही आलेली असो. पण आत बुरशी बसलेली असेल तर तिला रोखून धरणारी शरीराची फौजच तेवढ्या काळासाठी झोपवली जाते. रोग्याला आराम पडतो आणि रोगाला मोकळं रान मिळतं. हे दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून ते इतकं फसवं आहे. औषधानं बरं वाटलं म्हणजे निदान बरोबर होतं, हे आपण किती सहज धरून चालतो.

मग एमआरआय.

ही जागा कुठे आहे ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. सायनस म्हणजे गालात आणि कपाळात, एवढंच आपल्याला माहीत असतं, कारण सर्दीत तिथेच जड होतं. स्फिनॉइड हा चौथा, सगळ्यात मागचा. नाकपुडीतून सरळ मागे मागे जात राहिलं की जिथे नाक संपतं तिथे, कवटीच्या अगदी मध्यावर, पंख पसरलेल्या वटवाघळासारखं दिसणारं एक हाड आहे, त्याच्या पोटातली ही पोकळी. हवा भरलेली एक छोटी खोली म्हणा. आणि या खोलीचे शेजारी कोण, तर छतावर पिट्युटरी ग्रंथी, वरच्या कोपऱ्यांत दोन्ही डोळ्यांच्या मुख्य नसा, आणि दोन्ही भिंतींच्या पलीकडे मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या. त्या रक्तवाहिनीला वेढून जे शिरांचं जाळं आहे ते कॅव्हर्नस सायनस, नावात सायनस असलं तरी त्यात हवा नसते, रक्त असतं. त्यातूनच डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसा आणि चेहऱ्याला स्पर्श देणाऱ्या नसेच्या दोन फांद्या जातात. त्यातली सहावी नस रक्तवाहिनीला लागून, जवळजवळ उघडीच असते, म्हणून गडबड झाली की पुष्कळदा पहिला फटका तिला बसतो. मधली भिंत काही ठिकाणी कागदाइतकी पातळ असते आणि काही माणसांत तर एखाद्या जागी ती जन्मतःच नसते.

त्यामुळे या खोलीत काहीही वाढलं, मग ते काहीही असो, लक्षणं शेजाऱ्यांची दिसतात. दोन दिसतं, अंधुक दिसतं, कपाळ बधिर होतं, डोकं खोलवर दुखतं. नाकाचं काहीच नाही. आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी, ग्रंथीच्या खाली, रक्तवाहिनीला बिलगून काहीतरी भरीव दिसतं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिल्यावर ते उजळतं, मेंदूचं आवरण त्या बाजूला जाड झालेलं दिसतं. आता त्या जागी काय काय होऊ शकतं त्याची यादी न्यूरोसर्जननी आम्हाला सांगितली होती, पिट्युटरीचा ट्यूमर खाली उतरलेला, मेंदूच्या आवरणाचा ट्यूमर म्हणजे मेनिन्जिओमा, कवटीच्या तळाच्या हाडातला कॉर्डोमा, सायनसचाच कॅन्सर, लसीका पेशींचा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा, दुसरीकडून पसरलेलं काही. यातली प्रत्येक गोष्ट त्या चित्रात बसत होती. ते चुकत नव्हते. चित्र खरंच तसं होतं. एवढंच की स्कॅन जागा सांगतो, आकार सांगतो, काय काय वेढलंय ते सांगतो, पण जे वाढलंय ते कोण आहे हे सांगत नाही. ते आपण आकारावरून ओळखतो, आणि सावलीवरून माणूस ओळखण्यात जेवढी चूक होऊ शकते तेवढी इथेही होऊ शकते.

त्या अकरा दिवसांत ताईनी कपाटं आवरली. मला ते बघवत नव्हतं. तिनी बँकेचे कागद एका पिशवीत घातले, माझ्या भाचीला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते शिकवलं, भावजींच्या औषधांच्या वेळा एका वहीत लिहून काढल्या, एका डोळ्यावर रुमाल बांधून, कारण दोन ओळी दिसत होत्या. ती रडली नाही. मी मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मेनिन्जिओमाबद्दल वाचत बसायचे, कुठली ग्रेड, किती वर्षं, आणि सकाळी तिच्यासमोर हसत जायचे. जे तिला झालंच नव्हतं त्याचं मी इतकं वाचलं की अजून पाठ आहे. जे झालं होतं त्याबद्दल एक अक्षर वाचलं नव्हतं.

न्यूरोसर्जननी एक फार चांगली गोष्ट केली. त्यांनी डोकं उघडायची घाई केली नाही. म्हणाले, इथे नाकातून पोचता येतं, आधी कान-नाक-घशाच्या मॅडमना दाखवा, तुकडा तपासू, मग ठरवू. पिट्युटरीपर्यंत नाकाच्या वाटेनं जायची कल्पना जुनी आहे, १९०७ मध्ये हेरमान श्लोफर या सर्जननी त्या मार्गानं पहिलं ऑपरेशन केलं होतं, पुढे अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंगनी ती पद्धत पुष्कळ वापरली. आता दुर्बीण आली, चेहऱ्यावर काप नाही. पण मार्ग तोच, आणि तो या खोलीतूनच जातो. वरून कवटी उघडून गेलं असतं आणि ती बुरशी निघाली असती तर तिला मेंदूच्या आवरणाच्या आत यायला आपणच दार करून दिल्यासारखं झालं असतं, हे मला नंतर समजावून सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

मॅडमनी एमआरआय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, सीटी कुठेय? सीटी केलाच नव्हता, एमआरआय जास्त भारी तपासणी ना, मग सीटी कशाला, असं आम्हाला वाटलेलं. त्यांनी त्याच दिवशी करायला लावला. मग स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी जे दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, टी-टू म्हणतात त्यात, पाणी पांढरं दिसतं, आणि सूज किंवा बहुतेक ट्यूमर थोडेफार तरी उजळ दिसतात. ताईच्या चित्रात मध्यभागी काळं होतं. इतकं काळं की घाईत बघणाऱ्याला वाटावं इथे हवाच आहे, खोली रिकामी आहे. आणि तीच जागा सीटीमध्ये भरलेली, करडी, आणि त्यात बारीक बारीक पांढरे ठिपके. जे एकात नाही असं दिसतं ते दुसऱ्यात ठासून भरलंय. मॅडम म्हणाल्या, बुरशी वाढताना लोह आणि मॅंगेनीजसारखे धातू गोळा करते, कॅल्शियम साठतं, त्यामुळे एमआरआयचा सिग्नल तिथे मरतो आणि सीटीत तेच पांढरं चमकतं.

दुसरं त्यांनी हाड दाखवलं. सायनसची एक भिंत एका ठिकाणी खाल्ली गेली होती, ते भीतीचंच होतं, पण बाकीच्या भिंती जाड झालेल्या होत्या. घाईनं वाढणारा ट्यूमर हाडाला जाड व्हायला वेळ देत नाही, असं त्यांचं म्हणणं. जाड हाड म्हणजे जुनं भांडण, म्हणजे वर्षानुवर्षं इथे काहीतरी धुमसतंय. मग लगेच असंही म्हणाल्या की यावरून मी काहीही ठरवणार नाही, मेनिन्जिओमाही हाड जाड करतो, कॅल्शियम ट्यूमरमध्येही असतं, काही ट्यूमर टी-टूमध्ये काळपट दिसतात. मला फक्त एवढं कळतंय की तपासायला तुकडा पाठवताना बुरशीचा विचार करून पाठवायला हवा.

आणि इथे ती दोन बाटल्यांची गोष्ट येते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि ती इतकी साधी आहे की कुणी सांगतही नाही. ट्यूमर समजून तुकडा काढला की तो फॉर्मेलिनमध्ये टाकतात, पेशी टिकाव्यात म्हणून. फॉर्मेलिन जिवंत असलेलं सगळं मारतं. मग मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले तरी ती जात कुठली, तिच्यावर कुठलं औषध चालेल, हे कळायला तिला वाढवून बघावं लागतं आणि मेलेलं काही वाढत नाही. म्हणून दुसरी बाटली, साध्या निर्जंतुक सलाइनची, त्यात थोडा तुकडा, आणि ती थेट मायक्रोबायोलॉजीला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी भावजींना बोलवून सांगितलं की थिएटरमधून दोन बाटल्या बाहेर येतील, दोन्ही वेगळ्या लॅबला जाणारेत, एकीत मिसळू देऊ नका. भावजी त्या दिवशी दारापाशी तीन तास उभे होते, बसलेच नाहीत. बाटल्या आल्या तेव्हा त्यांनी दोन्हींवरची लेबलं मोठ्यानं वाचून घेतली.

ऑपरेशन चालू असतानाच थोडा भाग गोठवून ताबडतोब तपासला, फ्रोझन सेक्शन. मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, कॅन्सरच्या पेशी नाहीयेत, बुरशी आहे, पक्कं दोन-चार दिवसांत. आत काय सापडलं तर मातकट, तपकिरी, भुसभुशीत असा लगदा, आणि त्याच्या कडेनं टणक, रबरासारखा भाग, जो नसांना चिकटलेला होता म्हणून त्यांनी सगळा ओढून काढला नाही. भाची माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. आई म्हणाली, म्हणजे गाठ नाही ना?

काय सांगणार. गाठ तर होतीच. फक्त ती तिच्या स्वतःच्या पेशींची नव्हती.

नंतर पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी मला स्लाइड बघू दिली, मी विनंती केली होती. चांदीचा रंग देतात, त्यात सगळी पार्श्वभूमी हिरवी होते आणि बुरशीचे धागे काळे. हिरव्यावर काळे धागे, मध्ये मध्ये आडवे पडदे असलेले, आणि झाडाच्या बारीक डहाळीसारखे फुटलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे, साधारण ४५ अंशाच्या कोनात. त्याच्याभोवती शरीरानी बांधलेली तटबंदी, मोठमोठ्या अनेक केंद्रकांच्या पेशी, तंतू. ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. ती तटबंदीच एमआरआयमध्ये ट्यूमरसारखी दिसत होती. म्हणजे आम्ही ज्याला शत्रू समजत होतो त्यातला बराचसा भाग तिच्या शरीरानी तिला वाचवायला बांधलेला होता, आणि तोच आता नसेवर दाबत होता. हे मला अजून पूर्ण पचलेलं नाही.

काही दिवसांनी सलाइनच्या बाटलीतून पिवळट हिरवी वाढ आली, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. सुदान, सौदी अरेबिया, पाकिस्तान, भारत अशा देशांतून या ग्रॅन्युलोमावाल्या प्रकाराचे रुग्ण जास्त नोंदवले गेलेत आणि त्यात हीच जात पुष्कळदा सापडते. अ‍ॅस्परजिलस हे नाव १७२९ मध्ये मिकेली नावाच्या फ्लॉरेन्सच्या वनस्पतिशास्त्रज्ञानी दिलं, तो धर्मगुरूही होता, आणि भिंगाखाली त्याला त्या बुरशीचा तुरा चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा दिसला, त्यावरून. इतकं सुंदर नाव आणि इतक्या निवांतपणे दिलेलं. ती मातीत असते, कुजणाऱ्या पानांत असते, साठवलेल्या धान्यात असते, तिचे बीजाणू काही मायक्रॉनचे, हवेत सगळीकडे. आपण प्रत्येक जण रोज ते श्वासातून आत घेतो आणि आपल्याला काहीही होत नाही. मग ताईलाच का? शुगर हे एक कारण, सायनसचं तोंड कधीतरी बंद होऊन आत हवा कोंडली असेल हे दुसरं. याच्यापुढे कुणी काही सांगू शकलं नाही. ताई हा प्रश्न विचारायची बंद झाली, मी मात्र अजून विचारते.

आता 'बुरशी' हा शब्द घराबाहेर गेला आणि फार विचित्र व्हायला लागलं. अर्धे लोक म्हणाले, हात्तिच्या, बुरशीच ना, सुटलात. जणू पायाच्या बोटांत होते ती. उरलेल्या अर्ध्यांच्या चेहऱ्यावर भीती, कारण २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून जे म्युकरमायकोसिस आलं होतं, लोकांचे डोळे काढावे लागले, वरचे जबडे काढावे लागले, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. ताईचं यातलं काहीच नव्हतं. दोन्हींमध्ये कुठेतरी होतं. आणि मला प्रत्येकाला फोनवर समजावून सांगताना जे उमगलं ते असं, की बुरशी कुठली यापेक्षा ती ज्याच्यात शिरली त्याच्या शरीरानी काय केलं यावर आजार ठरतो.

एकच अ‍ॅस्परजिलस घ्या. एखाद्याच्या सायनसमध्ये ती नुसती गोळा होऊन बसते, चेंडूसारखी, भिंतीला धक्का लावत नाही, याला फंगल बॉल म्हणतात. दुर्बिणीनं तो उचलून काढला की काम संपलं, सहसा बुरशीचं औषधसुद्धा लागत नाही. गालाच्या सायनसमध्ये तो जास्त होतो आणि वरच्या दाढेच्या रूट कॅनालमधलं सिमेंट वर सायनसमध्ये गेलं असेल तर त्यातलं झिंक बुरशीला पोषक ठरतं असं मानतात. दुसऱ्या एखाद्या तरण्याताठ्या, तब्येतीनं ठणठणीत माणसाचं शरीर त्याच बुरशीची अ‍ॅलर्जी धरतं, बुरशी आत शिरतच नाही, पण शरीर तिच्यावर इतका चिकट, घट्ट चिखलासारखा स्राव ओततं की सायनस फुगत जातात, हाडं दाबून पातळ होतात, डोळा पुढे येतो, स्कॅनमध्ये कवटीचा तळ फोडून मेंदूपर्यंत पोचलेला राक्षस दिसतो. १९९४ मध्ये बेंट आणि कून या दोन डॉक्टरांनी या अ‍ॅलर्जीवाल्या प्रकाराची ओळखायची लक्षणं पक्की मांडली. इथे साफ करून मग स्टिरॉइड हेच औषध! जे ताईच्या बाबतीत घातक ठरलं तेच. आणि ज्याची प्रतिकारशक्ती पार कोसळलीय, केमो चालू आहे, बोन मॅरो बदललाय, त्याच्यात हीच बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, काही दिवसांत मांस काळं पडतं, तिथे तासांचा हिशोब असतो. ताईचा प्रकार संथ, महिनोन्‌महिने चालणारा, पण आत शिरणारा.

म्हणून 'बुरशीच ना' म्हणणाऱ्यांवर मला राग यायचा, आणि रागावून उपयोग नव्हता, कारण महिन्यापूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

औषध व्होरिकोनाझोल. २००२ पासून वापरात आहे, त्याआधी अ‍ॅम्फोटेरिसिन होतं, तेही अजून लागतं, पण किडनीवर भारी. बुरशीची औषधं इतकी जड का असतात हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं ते फार आवडलं. बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे. तिच्या पेशी आपल्या पेशींसारख्या, त्यामुळे तिला मारायचं आणि आपल्याला सोडायचं तर फरक शोधावा लागतो. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल, तिच्यात त्याच्या ऐवजी एर्गोस्टेरॉल, एवढ्याशा फरकावर यातली बरीचशी औषधं उभी आहेत.

जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर, दिवसातून दोनदा. पहिले काही दिवस गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानी ताईला भिंतीवर उजेडाच्या लाटा दिसायच्या, रंग बदलायचे. आधीच दोन दिसतंय, त्यात हे. ती घाबरली की आता डोळा चाललाच, पण हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे आणि तो हळूहळू कमी होतो. उन्हात गेली की कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी. लिव्हरच्या तपासण्या सारख्या. आणि रक्तात औषध किती उरतं ते मोजायचं, कारण हे औषध माणसागणिक वेगळं पचतं, जनुकांमुळे, एकाला तोच डोस कमी पडतो, दुसऱ्याला विषासारखा होतो. ताईचं पहिल्यांदा खूप कमी आलं. म्हणजे तीन आठवडे आम्ही समजत होतो की औषध चालू आहे आणि ते पुरेसं पोचतच नव्हतं. डोस वाढवला. शुगर तिनी जिद्दीनं आटोक्यात आणली, त्याचं श्रेय पूर्ण तिचं.

एक मात्र आवर्जून लिहायचंय. हे वाचून कुणाला वाटू नये की स्कॅनमध्ये ट्यूमर म्हटलं म्हणजे बुरशीच असेल, थांबू या. उलटंही होतं. सायनसचा कॅन्सर महिनोन्‌महिने सायनसायटिस म्हणून अँटिबायोटिकवर ठेवला जातो. दोन्हीकडे चूक एकच, तुकडा न तपासता नाव देणं. आम्ही अकरा दिवस काढले ते जर पाच दिवस असते तर बरं झालं असतं, आणि ते पाच होऊ शकले असते, फक्त ती शेवटची ओळ वाचून कुणी विचारलं असतं, की हे बुरशीचं काय लिहिलंय?

चौथ्या महिन्यात डावा डोळा बाहेर वळायला लागला. आधी थोडा, मग जवळजवळ पूर्ण. एकदम डावीकडे टोकाला बघितलं तर अजूनही कडा दुहेरी दिसते, तेवढं राहील म्हणाले. कपाळाचा बधिरपणा गेला नाही, ती म्हणते केस विंचरताना अर्धं डोकं दुसऱ्या कुणाचं आहे असं वाटतं. औषध अजून चालू आहे, वर्ष व्हायला आलं. नसेला चिकटलेला तो भाग लहान झालाय पण आहे, त्यात जिवंत बुरशी आहे की नुसता वण, हे स्कॅनवरून कळत नाही. परत तेच. त्यामुळे दर काही महिन्यांनी एमआरआय, मागच्याशी ताडून बघायला.

मागच्या महिन्यात नेहमीचं मशीन बंद होतं म्हणून आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. जुने कागद गडबडीत घरीच राहिले. संध्याकाळी रिपोर्ट आला, मी उघडला, आणि पहिल्याच ओळीत, डाव्या कॅव्हर्नस सायनसजवळ मास लिजन, मेनिन्जिओमाची शक्यता जास्त. एक क्षण सगळं परत तसंच झालं, हातपाय गार. मी ताईकडे बघितलं, लपवायचं म्हणून मोबाइल खाली केला, पण तिनी तो माझ्या हातातून घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि म्हणाली, बरोबर आहे, त्यांना कुणी सांगितलंच नाही ना.

घरी आल्यावर तिनी फाइल उघडली. पॅथॉलॉजीचा तो कागद खाली कुठेतरी गेला होता, तो शोधून काढला, त्याच्या तीन झेरॉक्स काढायला मला पाठवलं, आणि मी आल्यावर मूळ कागद प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून सगळ्यात वर लावला, सगळ्या स्कॅनच्या वर. एक झेरॉक्स पर्समध्ये, एक भावजींच्या पाकिटात. तिसरी माझ्याकडे दिली. म्हणाली, तू असू दे जवळ, उद्या मला बोलता नाही आलं तर.